बाकी एक

२२ नोव्हेंबर १९९९, सोमवार

पोचले एकदाची. आंबा घाटाने सगळी आतडी ढवळून काढली. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा सोडा प्यायले आणि मग कुठे जिवात जीव आला. स्टँडवर आप्पा मुळ्ये स्वतः उभे होते. सत्तरीचे असतील, पण माझी ट्रंक त्यांनीच रिक्षात ठेवली. म्हणाले, मिरजेहून इतक्या लांब आकडेमोड करायला येणारी मुलगी कशी दिसते ते बघायचं होतं.

घर भाट्याच्या पुलापलीकडे चढावर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मागे हापूसची पंधरा-वीस कलमं, पुढे खाली खाडी समुद्राला मिळते ती जागा. माझी खोली माडीवर. खिडकीतून पलीकडच्या काठावर राजिवड्याच्या होड्या दिसतात. एम.एस्सी. झाल्यावर दीड वर्ष मी शिकवण्या घेत होते. इथे मला एका संख्येसाठी खोली, जेवण आणि समुद्र मिळालाय. आईला उद्याच पत्र टाकते.

काम असं. आप्पा चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. आता मराठीत पुस्तक लिहितायत, एकाच मोठ्या संख्येवर. तिचे सगळे गुणधर्म, सगळे हिशेब हाताने केलेले, म्हणजे मुलांना गणित यंत्राशिवाय दिसेल. त्यांचे डोळे थकलेत, म्हणून मी.

सुनेत्राकाकू ओटीवर बसल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला आणि सगळं पुसलं गेलं, असं आप्पांनी रिक्षातच सांगितलं होतं. मधे बरंच परत आलं, आता पुन्हा विरत चाललंय. आम्ही आत शिरलो तेव्हा त्यांनी आप्पांकडे बघून मला हळूच विचारलं, हे गृहस्थ कोण. आप्पा हसून म्हणाले, "मी इथला भाडेकरू." पण चप्पल काढायला त्यांना फार वेळ लागला.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

आज संख्येची ओळख झाली. ९६२४७४२९२१. नऊशे बासष्ट कोटी सत्तेचाळीस लाख बेचाळीस हजार नऊशे एकवीस. आप्पांनी ती पाटीवर लिहिली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू घरातली सून दाखवतायत.

ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. आप्पा आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाच वर्षं भागून भागून खात्री केलीय. आता हवेत साक्षीदार. गणितात हा शब्द खरंच वापरतात. आपल्या आवडीची कोणतीही छोटी संख्या घ्यायची. तिचा वर्ग करायचा, मोठ्या संख्येने भागायचं, उरेल ती बाकी घ्यायची, तिचा पुन्हा वर्ग, ठरलेल्या फेऱ्यांत आपल्या छोट्या संख्येने एक गुणाकार, पुन्हा भागाकार. अशा तीसवर फेऱ्या. दहा-दहा आकडी गुणाकार, म्हणजे महिन्याभराचं काम. मोठी संख्या मूळ असेल तर शेवटी बाकी एक उरते. एक उरला की तुमच्या संख्येने साक्ष दिली.

आप्पांच्या दोनच अटी. काम माडीवरच्या याच टेबलावर बसून करायचं. आणि साक्षीची संख्या जिव्हाळ्याची हवी, परक्या संख्येवर माणूस चुका करतो म्हणे. मी ३१ घेतली. आमच्या मिरजेच्या घराचा नंबर.

मी स्वतः तिला भागून पाहिलेलं नाही. आप्पांचा शब्द आहे.

५ डिसेंबर, रविवार

सकाळी आठ ते एक आकडेमोड, दुपारी खाली काकूंशी गप्पा. एका फेरीला अख्खी सकाळ जाते. पण आतून एक लय लागते. आप्पा चहा घेऊन वर येतात, माझ्या बेरजा तपासतात, चूक सापडली तर ओरडत नाहीत, नुसतं पेन्सिलीने टिंब देतात. बाबा गेल्यापासून माझ्या कामावरून कुणी अशी नजर फिरवली नव्हती.

काकूंची आज गंमत झाली. मी भाजी चिरत होते, तर त्या एकदम मोरी मासा कसा साफ करायचा ते सांगायला लागल्या. खरखरीत कातडी गरम पाण्याने कशी सुटते, मसाल्यात तिरफळ किती घालायचं, सगळं. या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. मी हसले. आप्पा हसले नाहीत. ते उठून बागेत गेले.

१६ डिसेंबर, गुरुवार

फेऱ्या अर्ध्यावर आल्या. कलमांना मोहर यायला लागलाय, खिडकी उघडली की आंबूस-गोड वास येतो.

काकू झपाट्याने सुधारतायत. आज त्यांनी आप्पांना हाक मारली, "अहो, गरम पाणी काढलंय." एवढंच. आप्पा दाराला धरून उभे राहिले आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ रडले. बाहेर येऊन मला म्हणाले, "तुझा पायगुण गो." मलाही भरून आलं.

आईचं पत्र आलं. चारच ओळी. ती एरवी अंतर्देशीय पत्राच्या घडीवरसुद्धा लिहिते. या वेळी कोपऱ्यात जागा मोकळी होती आणि शेवटी नुसतं 'सावित्री' म्हणून सही. 'तुझी आई' लिहायची राहिली असेल.

२७ डिसेंबर, सोमवार

आप्पांकडे फोन आहे, पण त्यावरून बाहेरगावी लागत नाही, म्हणून बूथवरून घरी फोन केला. आई आधी ओळखेनाच. मग म्हणाली, "हां हां, तुळसा ना?" तुळसा माझी मावसबहीण. मी रागावले, ती ओशाळली. तिच्या शाळेत चाचणी परीक्षा चालू आहेत, शिकवून दमली असेल. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, घरापासून लांब गेल्यावर असं होतंच, मनावर घेऊ नकोस, आधी फेऱ्या संपव.

दुपारी काकू माझ्या केसांना तेल लावत होत्या. मधेच त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि खालच्या व्रणावर बोट ठेवलं. "बोरीवरून पडलीस तेव्हा टाके घालताना डॉक्टरला चावली होतीस गो." म्हणाल्या आणि हसल्या.

मी चावले होते. चार वर्षांची होते. ते मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

आईने आप्पांना पत्रात लिहिलं असेल.

६ जानेवारी २०००, गुरुवार

बाकी एक.

शेवटचा भागाकार तीनदा तपासला. कागदभर आकडे एकमेकांना खाऊन संपतात आणि तळाशी एक एकटा उभा राहतो. मी ओरडतच खाली गेले. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.  काकूंनी मोदक केले, कुणाला न विचारता, सारण-पारी सगळं आठवून. जेवताना त्यांनी माझ्या पानात तूप वाढलं आणि म्हणाल्या, "भागू, पोटभर जेव."

भागू मला फक्त आई म्हणते.

७ जानेवारी, शुक्रवार

बूथवर गेले. आईने फोन उचलला. मी म्हटलं, आई, भार्गवी बोलतेय. ती म्हणाली, "कोण भार्गवी?" मी थट्टा समजले. ती सभ्यपणे म्हणाली, "चुकीचा नंबर लागलाय बघा. मला मूलबाळ नाही." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा आवाज घाबरलेला होता.

उद्याच्या पहिल्या गाडीने मिरज.

८ जानेवारी, शनिवार. मिरज स्टँड

आईने दार उघडलं. साखळी न काढता.

तिने मला "तुम्ही" म्हटलं. कुठल्या गावच्या, कुणाकडे आलात, पाणी हवंय का. मी तिचं नाव, बाबांचं नाव, बाबा गेले तो दिवस, सगळं सांगितलं. ती पांढरी पडली. हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारत राहिली. फटीतून आतली भिंत दिसत होती. माझा दहावीचा फोटो तिथेच होता. मी बोट दाखवलं. ती वळून बघून म्हणाली, "शाळेतली कुणीतरी मुलगी असेल. बक्षीस समारंभातला फोटो आहे तो." मग पुन्हा फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्हीत तिला काहीच दिसलं नाही.

शेजारच्या गंगुबाई बाहेर आल्या. त्यांनी मला कडेवर खेळवलंय. त्यांनी आईला विचारलं, कोण गं ही बाई, पोलिसांना बोलवू का.

आईने पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं. मी ते पाणी प्यायले. आमच्याच माठातलं होतं.

१० जानेवारी, सोमवार

परत आले. दुसरीकडे कुठे जाणार होते. सगळ्या जगात मला भागू म्हणणारं एकच माणूस उरलंय आणि ते या घरात आहे. काकूंनी पाय धुवायला पाणी दिलं. आप्पांनी काही विचारलं नाही. मिरजेला काय झालं, हेसुद्धा नाही.

हे रात्री उशिरा माझ्या लक्षात आलं. त्यांनी विचारलंच नाही.

१५ जानेवारी, शनिवार

संक्रांत. काकूंनी तिळगूळ दिला. अगदी आईच्या हातचा, वेलदोड्याऐवजी जायफळ घातलेला. मी तो खिडकीतून फेकला.

दुपारी पूल ओलांडून राजिवड्याला गेले. नुसती चालत होते. धक्क्यावर माझ्याच वयाची एक मुलगी सुकट वाळत घालत होती. मी आकडे पुटपुटत असेन, सवय लागलीय. तिने हात थांबवला आणि उरलेले आकडे तिने म्हटले. चार, दोन, नऊ, दोन, एक.

तिचं नाव निदा. बी.एस्सी.ला होती, आप्पांची विद्यार्थिनी. दीड वर्षापूर्वी तिनेही त्या टेबलावर २२ घेऊन साक्ष दिली. समोरच्या हिरव्या दाराच्या घराकडे तिने मान केली. तिथे हमिदाबी पायरीवर बसून जाळं शिवत होत्या. ती तिची आई. तिला निदा नावाची मुलगी होती, हे तिला माहीत नाही. निदा तिच्याकडे मजुरीवर मासळी निवडते. "पोरी म्हणते मला," निदा म्हणाली. "चांगली वागवते. मजुरी कधी चुकवत नाय."

मी तिला विचारलं, तुझी आई मोरी मासा कसा करते. तिने सांगितलं. गरम पाणी, तिरफळ. तंतोतंत.

मग विचारलं, ती संख्या तू कधी भागून पाहिली होतीस का. निदा म्हणाली, "सर बोलले ना, झालंय म्हणून."

२० जानेवारी, गुरुवार

मी भागायला बसले. तीन, सात, अकरा, तेरा, एकेक मूळ संख्या घेऊन, पाच दिवस. आप्पांना वाटतं मी छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करतेय.

आज सकाळी ११७१ ने भाग गेला. पूर्ण. बाकी शून्य. राहिलेल्या संख्येला २३४१ ने भाग गेला आणि उरले ३५११.

मूळ नाहीच ती. तीन तुकड्यांची आहे. आता सगळं आठवतं, अशा संख्या असतात म्हणून शिकलो होतो. आतून तुटलेल्या, पण कुणीही साक्ष काढली तरी बाकी एक देणाऱ्या. ३१ घ्या, निदाची २२ घ्या, कुणालाही त्या मूळच वाटतात. कॉलेजात आम्हाला ती मौज म्हणून सांगितली होती.

माझी साक्ष खोटी होती. एका भागाकाराने कळलं असतं. मी केला नाही कारण एक म्हातारा माणूस माझ्यासाठी चहा आणत होता.

२१ जानेवारी, शुक्रवार

आप्पांसमोर तीन संख्या ठेवल्या. ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्यांना ११७१ कॉलेजात असल्यापासून माहीत होता. सुनेत्राकाकूंना ज्वर झाला त्यानंतर वर्षभर त्या आप्पांना घाबरायच्या, परका पुरुष घरात शिरला म्हणून ओरडायच्या. तेव्हा काशीराम नावाचा एक विद्यार्थी हौसेने याच टेबलावर ही साक्ष करत होता. त्याचा एक उरला त्या दुपारी काकूंनी आप्पांना नावाने हाक मारली. आणि काशीरामचा बाप त्याला ओळखेना. का होतं ते आप्पांना माहीत नाही. ते म्हणाले, मी शोधलंही नाही. काशीराम लोट्याला कारखान्यात लागला, तिथेच वारला. प्रेत न्यायला कुणी आलं नाही.

साक्ष दीड-दोन वर्षं टिकते. मग नवा माणूस लागतो.

मी म्हटलं, माझ्या आईचं काय. आप्पा शांतपणे म्हणाले, "तिला काय दुःख आहे सांग. तिच्या लेखी तिचं काही हरवलेलंच नाही. माझं रोज हरवत होतं."

मग म्हणाले, लांज्याचा उन्मेष म्हणून एक मुलगा आहे, हुशार आहे, फेब्रुवारीत येईल. एवढ्यात गरज नाही, पण हाताशी असावा. तू त्याला शिकव. तू इथेच राहा. सुनेत्राला तुझी सवय झालीय.

मी हो म्हटलं.

२२ जानेवारी, शनिवार

हो म्हटलं कारण मला टेबल हवंय.

ही संख्या सगळ्यांशी खोटं बोलते, फक्त स्वतःच्या तुकड्यांशी बोलू शकत नाही. ११७१ ला साक्षीला बसवलं तर बाकी एक येणं शक्य नाही. खरी साक्ष. याच टेबलावर, हाताने, शेवटपर्यंत. मग खोट्या साक्षी मोडून आमच्या आया आम्हाला परत ओळखतील का — माहीत नाही. निदाला सांगितलं. तिने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, कर.

३ फेब्रुवारी

दहा फेऱ्या. आप्पा तपासायला आले होते. प्रत बघतो म्हणाले. वरचे जुने कागद दाखवले.

काकू दुपारी माझ्या उशाशी बसतात. बाबांबद्दल बोलतात. माझ्या बाबांबद्दल. ते गेले त्या दिवशी मी कोणता फ्रॉक घातला होता ते सांगतात. मी ऐकते. उठून जावं असं वाटतं आणि उठवत नाही. ही आईच आहे. चोरलेली, पण आईच.

१० फेब्रुवारी

हात सुजलाय. वीसच्या पुढे गेले.

आज काकूंना आप्पांचं नाव पटकन आठवलं नाही. आप्पा माझ्याकडे बघत होते. जिन्यावर त्यांची पावलं आता दिवसातून अनेकदा — दाराशी थांबतात, परत जातात.

१४ फेब्रुवारी

काकूंनी विचारलं, भागू, मला काय होतंय गो. सकाळी आरशात बघून घाबरल्या. माझा हात घट्ट धरला. त्यांनी माझं काहीच वाईट केलं नाही. त्यांना यातलं काही माहीत नाही.

पेन खाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत उचललं नाही.

मग पूल ओलांडून धक्क्यावर गेले. हमिदाबी निदाला सांगत होत्या, उद्यापासून येऊ नकोस पोरी, भाचीला कामावर घेतलंय. निदा मान हलवत होती.

परत येऊन पेन उचललं.

१७ फेब्रुवारी

उन्मेष उद्या येतो. आप्पांनी त्याची खाट माझ्या खोलीबाहेर टाकलीय. एकच फेरी उरलीय. टेबलावरचं एक पान त्यांनी उचलून उजेडात धरलं. वर ११७१ लिहिलेलं होतं. त्यांनी ते पान खिशात घातलं. खाली गेले. बाहेरून कडी —

कडी लागली.

१८ फेब्रुवारी, दुपार

झालं. बाकी ४८०८२६१८३६. तीनदा तपासली. एक नाही. एक नाही.

खाली भांडं पडलं. काकू ओरडतायत. कोण तुम्ही, माझ्या घरात कसे आलात, बाहेर व्हा. आप्पा तिचं नाव घेतायत, पुन्हा पुन्हा, हळू आवाजात. ती आणखी ओरडते. हे मी केलं.

खिडकीतून पूल दिसतो. पुलावर कुणीतरी पळतंय, बाईमाणूस, डोक्यावरचा पदर सुटलाय. हमिदाबी असतील का. निदा अलीकडच्या टोकाला उभी —

फोन वाजतोय. खालचा. हा नंबर मी आईला दिला होता. वाजतोच आहे. कुणी उचलत नाही.

दारावर धक्के देतेय. आप्पा, फोन घ्या. फोन घ्या हो.

थांबला.

पुन्हा वाजायला लागला. आईच आहे. दुसरं कोण इतक्यांदा —

काकूंचा आवाज बंद झाला. जिन्यावर पावलं. आप्पांचीच. कडी काढतायत. ते दारातून म्हणाले, भार्गवी, पुन्हा बस, ३१ घे, फक्त एकदा. मी म्हटलं, आधी फोन. ते आत आले. त्यांच्या हातात कोयती आहे आणि ते रडतायत, आणि फोन अजून वाज